जुन्या लुगड्याचें मोल

रत्नागिरी जिल्ह्याचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. परंतु त्याच जिल्ह्यांतील लांजा तालुक्याला समुद्राचा स्पर्श नाहीं. माचाळच्या डोंगरांतून निघणारी मुचकुंदी नदी पूर्णगडापाशीं समुद्राला मिळते, हाच काय तो त्याचा आणि समुद्राचा संबंध. एका अंगास सह्याद्री, दुसऱ्या अंगास बंदरें आणि मधून मुंबई-गोवा मार्ग, अशी लांज्याची जागा आहे.

या जागेनेंच येथील बायकांच्या लहानसहान व्यापाराला आकार दिला. किनाऱ्यावरच्या बायका सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आंतल्या गांवांत येत आणि बदल्यांत भात घेऊन जात. आंतल्या गांवांतील बायका आमसुलें, फणसपोळी, कुळथाचें पीठ तयार करीत. पैशापेक्षां मापावर चालणाऱ्या या व्यवहाराची दप्तरांत नोंद क्वचितच झाली. त्यावर घरें मात्र चाललीं.

१८५६ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, तशी कोंकणांतील तरुण माणसें मुंबईकडे लोटलीं आणि मागें राहिलेल्या घराचें लक्ष मनीऑर्डरीकडे लागूं लागलें. विसंगति अशी कीं, ज्यांचे हात मुंबईंत कापड विणीत, त्यांच्याच घरीं कापडाची ओढाताण असे. म्हणून एकेका लुगड्याला अनेक जन्म घ्यावे लागत. नेसून विरलें म्हणजे त्याच्या धडक्या भागाचें मुलीला परकर होई. मऊ भागाचें तान्ह्याला दुपटें होई. उरलेल्या पदरांची थरावर थर घालून वाकळ शिवली जाई. आणि सर्वांत शेवटीं पोतेरें. नव्या बाळाच्या अंगाला प्रथम जुनें कापड लावावें, या रूढींत मायेइतकाच व्यवहारहि होता.

दुसऱ्या महायुद्धानें ही काटकसर शहरांतील सुखवस्तु घरांतहि नेली. इंग्लंडांत १९४१ सालीं कपड्यांवर नियंत्रण आलें. हिंदुस्थानांत १९४३ सालीं कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. जुनें टिकविणें हें तेव्हां केवळ गरिबाचें लक्षण राहिलें नाहीं.

जुन्या कपड्यांचा खरा व्यापार मात्र मुंबईंत दुसऱ्याच बायकांनीं केला. गुजराथेंतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरत. मराठी घरांनीं तिला बोहारीण म्हटलें. कधीं बरणी, पुढें स्टीलचा डबा, पुढें प्लास्टिकची बादली देऊन ती जुने कपडे नेई. मालकीणबाईशीं तिची घासाघीस विनोदाचा विषय झाली. पण त्यानंतर कपडे निवडणें, धुणें, सांधणें आणि पुन्हां बाजारांत विकणें, हें तिचें कष्टाचें काम कोणाच्या नजरेस पडलें नाहीं.

कोंकणांतून मुंबईस आलेल्या बायकांचीहि हीच कथा. गिरणगांवांत त्यांनीं खाणावळी चालवून हजारों कामगारांना जेवूं घातलें. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेच्या कर्जाचा मार्ग मोकळा केला, तेव्हां कोठें त्या कामाला धंद्याची प्रतिष्ठा मिळूं लागली. १९८२ च्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचें काम थांबलें, तेव्हां बायकांच्या मिळकतीची किंमत अनेक घरांना कळून आली. १९९२ नंतर बचत गट बँकांशीं जोडले जाऊं लागले, आणि कोंकणांतील आमसुलांना व फणसपोळीला छापील वेष्टन मिळालें.

आतां काळानें आणखी एक वळण घेतलें आहे. दुसऱ्यानें वापरलेला कपडा अंगावर घालणें ज्या घरांत कमीपणाचें मानीत, त्याच घरांतील मुलें-मुली आज जुने कपडे हौसेनें शोधतात आणि दूरध्वनीच्या पडद्यावर पाहून मागवितात. किंमत कमी, नमुना निराळा, आणि शिवाय पृथ्वीवरचा भार हलका होतो, अशी त्यांची भूमिका आहे. एका सुती सदऱ्यामागें सुमारें २७०० लिटर पाणी खर्ची पडतें, असा अंदाज सांगितला जातो. तेव्हां ही भूमिका पोकळ म्हणतां येत नाहीं.

परंतु हिशेब येथें संपत नाहीं. पडद्यावर ज्या सदऱ्याला चांगली किंमत येते, तो निवडणाऱ्या व सांधणाऱ्या बाईच्या हातीं त्यांतील किती पडतें? फणसपोळीच्या वेष्टनाबरोबर बायकांच्या कामाला नांव मिळालें. वाकळ शिवणाऱ्या आणि पाटी वाहणाऱ्या हातांना तें अद्याप मिळालेलें नाहीं. जुन्या वस्त्राला मान आला, ही चांगली गोष्ट झाली. तो मान त्या हातांपर्यंत पोंचला, तरच लुगड्याचा हा नवा जन्म सार्थकीं लागेल.