जीपचे दात

आमच्या गावात जीप पहिल्यांदा कधी आली ते सांगता यायचं नाही, पण ती कुणाची असते ते आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. जीप म्हणजे सरकार. माणदेशातलं आमचं गाव म्हसवडच्या बाजूचं, रस्ता मातीचा. लांबून फुफाटा उठला की म्हातारी माणसं कपाळावर हात धरून बघायची, "कोण आलं रं?" १९७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडत होतो तेव्हा साहेब हजेरी बघायला आले ते जीपमधनं. निवडणुकीत भोंगा बांधून यायची तीही जीपच, आणि आम्ही पोरं कागदं गोळा करत तिच्या मागं पळायचो. १९७६ साली नसबंदीच्या दिवसांत जीपचा आवाज आला की बापय माणसं जोंधळ्यात शिरायची. चांगलं असो, वाईट असो, जीपमधनं कुणीतरी आपल्याकडं यायचं. आपण जीपमधनं कुठं जायचं ही गोष्ट ध्यानीमनी नव्हती.

मी १९७५ ला दहावी झालो. अकरावी मोडून दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली ती त्याच साली. पुढं शिकायला पैका नव्हता, म्हणून शेती. १९८१ साली एका सरकारी खात्याच्या मोडीतल्या गाड्यांचा लिलाव झाला आणि आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, अकरा हजाराला एक जीप घेतली. त्यासाठी खिलार बैलांची जोडी खरसुंडीच्या बाजारात विकली होती. दादा बैलातले दर्दी. ओठ वर करून दात बघितले की हा दोन दाती, हा चार दाती, हा जुळला, असं वय सांगायचे. पण लिलावात त्यांनी जीपला नुसती प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर थाप मारली आणि बोली लावली. तिचे दात कुणी बघितले नाहीत. तिला दात असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

पेट्रोल परवडेना म्हणून एका गॅरेजातनं जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि जीप वडापला लावली. वडाप कायद्यात बसत नव्हतं हे कबूल करतो. पण एसटी दिवसातनं दोनदा, तीही आली तर. बाजारकरी, कोर्टकचेरीवाले, बाळंतीण, शाळेची पोरं, सगळ्यांना आमची जीप. आत बारा, मागच्या फळीवर चार. धाकटा भाऊ चालवायचा, मी शेत बघून हिशेब ठेवायचो.

१९८५ च्या दिवाळीनंतर दुसरा गिअर सुटायला लागला. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की दांडा आपोआप मागं यायचा आणि गाडी न्यूट्रल. धाकटा हातानं दांडा दाबून धरायचा. एका हातात स्टिअरिंग, एका हातात गिअर. मी त्यावर तोड काढली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, डॅशबोर्डला आकडा लावला. दुसरा टाकला की दांड्याला पट्टी अडकवायची, तिसरा टाकायचा तर काढायची. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. सात-आठ महिने तशीच चालवली.

पुढच्या पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी, खिंडीच्या उतारावर पट्टी तुटली. गिअर सुटला, गाडी मोकळी धावायला लागली. सोळा माणसांच्या ओझ्याला ब्रेक पुरेना. धाकट्यानं गाडी शेताच्या बांधावर घातली म्हणून ती पलटली नाही. पण मागच्या फळीवर बसलेली वांगीवाली काकू खाली पडली आणि तिचं खांद्याचं हाड मोडलं. डोक्यावर पाटी घेऊन पोट भरणारी बाई. गावानं धाकट्याला नावं ठेवली. पिऊन चालवत असंल म्हणाले. तो कधी चहाशिवाय काही प्यायला नव्हता. पट्टी मी बांधली होती हे घरात तिघांनाच माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. धाकटा पण बोलला नाही. त्यानं किल्ली खुंटीला अडकवली आणि भांगलायला गेला.

तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सचा जो आकडा सांगितला तो काकूच्या दवाखान्यानंतर आमच्याजवळ उरला नव्हता. मग दादा शेजारच्या वाडीच्या फौजी तात्यांना घेऊन आले. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी माणूस शोधावा लागत नाही. पण हे तात्या ईएमईतले, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पलटणीतले. १९६५ आणि १९७१ दोन्ही लढायांत त्यांनी जीपा दुरुस्त केल्या होत्या. तात्यांनी पहिल्यांदा आकडा बघितला, तुटकी पट्टी बघितली आणि विचारलं, "ही कुणाची हुशारी?" मी मान खाली घातली. तात्या म्हणाले, "दुखणं कळलं हुतं म्हणायचं तुला. मग दाबून का ठिवलंस?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटली. मला उघडायची भीती वाटत होती. जीप सरकारची, साहेबाची, कंपनीची. आपण लिलावात घेतली तरी तिच्या पोटात हात घालणं हे आपलं काम नव्हे असं आत कुठंतरी बसलेलं होतं.

लिंबाखाली खड्डा खणला, जीप त्यावर घेतली. आतला पत्रा काढला, प्रोपेलर शाफ्ट सोडले, इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला आणि गिअरबॉक्स व त्याच्या मागचा फोर-व्हीलचा डबा दोरखंडानं गोणपाटावर उतरवला. तेल काढलं तर त्यात सोन्याची पूड कालवल्यासारखा चकचकाट. तात्या म्हणाले, "हे पितळ हाय. आतल्या रिंगा आणि वॉशर झिजून तेलात आलंय. तेल बदलताना बघितलं असतंस तर तवाच कळलं असतं." धुवायला रॉकेल पाहिजे. रॉकेल तेव्हा रेशनवर. आईनं स्टोव्हचं दोन लिटर काढून दिलं आणि आठ दिवस चुलीवर स्वयंपाक केला.

तात्यांचा पहिला नियम: जे ज्या क्रमानं निघेल ते त्याच क्रमानं मांडायचं. दादांचं जुनं धोतर अंथरलं, चुन्यानं नंबर टाकले. वरचं झाकण उघडताना तात्या "हात धर" म्हणायच्या आत स्प्रिंगनं एक गोळी उडाली. हरभऱ्याएवढी लोखंडी गोळी, पण तीच दांड्याला खाचेत धरून ठेवते. अख्खं अंगण चाळलं. शेवटी बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक शेणामातीवरनं फिरवलं तेव्हा सापडली.

काम करता करता तात्या जीपची कुळकथा सांगायचे. काही त्यांनी फौजेत ऐकलेली, काही मी मागनं वाचून पडताळली. १९४० साली युरोपात लढाई पेटली तेव्हा अमेरिकेच्या लष्करानं हलक्या गाडीची मागणी काढली आणि पहिला नमुना द्यायला ४९ दिवसांची मुदत दिली. बँटम नावाच्या लहान कंपनीनं ती मुदत पाळली. पण मोठं काम गेलं विलीज आणि फोर्ड या कंपन्यांकडं, आणि लढाई संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले जवान त्यातनंच हिंडले. लढाई संपल्यावर उरलेल्या जीपा डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. १९४५ साली मुंबईत महिंद्र अँड मोहम्मद कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. त्यांनी माझगावात विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात केली. आमची जीप त्याच वंशातली, उंच बॉनेटची. तिच्या गिअरबॉक्सला टी-९० म्हणतात. मूळ नमुना अमेरिकेतल्या मन्सी गावच्या वॉर्नर गिअर कारखान्याचा. तीन पुढचे गिअर, एक मागचा. दुसऱ्या-तिसऱ्याला पितळी रिंगा असतात, त्या दोन चाकांचा वेग जुळवून मग दात अडकू देतात. पहिल्याला ती सोय नाही, म्हणून गाडी थांबवल्याशिवाय पहिला टाकला की खर्रकन ओरडतो.

"आणि फौजेच्या कागदात ह्या गाडीचं नाव काय, ठावं हाय?" तात्यांनी विचारलं. "पाव टनाची गाडी. पाव टन म्हंजे अडीचशे किलोच्या आतच. तू किती माणसं घालतोस?" मी मनात गुणाकार केला. सोळा माणसं, पन्नास किलोप्रमाणं आठशे, पाट्या आणि पोती वेगळीच. वर डिझेल इंजिनाचे हिसके. बॉक्सचा काही दोष नव्हता. त्यानं जे सोसलं ते आम्ही घातलं होतं.

दुसऱ्या गिअरचं चाक हातात घेतलं. जे बारीक दात रिंगेत अडकून गिअर धरून ठेवतात त्यांच्या कडा पार गोल झाल्या होत्या. दादा जवळ येऊन बसले, चाक उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जुळून गेलेला बैल हाय हा. ह्याला आपण औताला जुपला." एवढंच बोलले.

खालच्या जोडचाकाचा दांडा खवल्यासारखा उडाला होता, त्याच्या टोकाचे वॉशर झिजून चाक पुढंमागं हलत होतं. चाक हललं की दात पुरते बसत नाहीत, आणि ओझं उलटं पडलं की गिअर बाहेर फेकला जातो. सुटायचं कारण हे होतं. दुसऱ्याचं चाक, रिंगा, दांडा आणि सुया पुण्यात नाना पेठेत मिळाल्या. हव्या त्या जाडीचा वॉशर मिळेना, तो कोल्हापूरला उद्यमनगरातनं लेथवर गनमेटलचा करून आणला. खर्चासाठी एक शेळी आणि दोन पोती जोंधळा गेला.

जोडणी उघडण्याहून अवघड. जोडचाकाच्या पोकळीत सुया एकेक करून ग्रीसमध्ये उभ्या बसवायच्या, गजरा ओवावा तशा, आणि मध्ये दांडा घालायचा. एक जरी आडवी झाली तरी काम बिघडतं. तात्यांनी सुताराकडनं त्याच जाडीचा, पण आखूड, बाभळीचा दांडका करून घेतला. तो आधी घालून सुया धरायच्या, चाक पेटीत बसवायचं, मग खरा दांडा ठोकत न्यायचा म्हणजे लाकडाचा दुसऱ्या बाजूनं बाहेर. सगळं झालं, झाकण बसलं, संध्याकाळ झाली. धोतर झटकायला घेतलं तर त्यावर एक सुई. जुनी का नवी? जुन्या मोजल्या, पूर्ण भरल्या. म्हणजे नवी. मी तात्यांकडं बघितलं. अंधार पडत होता, आणि ती एक सुई खिशात घातली असती तर कुणाला कळलं नसतं. तात्या काही बोलले नाहीत, बिडी पेटवून बसून राहिले. मी कंदील आणायला गेलो आणि पुन्हा झाकण सोडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ते झिजलेलं चाक फडक्यात गुंडाळून काकूच्या घरी गेलो. खांदा बांधलेला, सून वांगी तोडायला गेलेली. चाक पुढं ठेवून सगळं सांगितलं. पट्टी मी बांधली, धाकट्याची चूक नव्हती. काकूनं विचारलं, "म्हंजे ठावं हुतं तुला?"

"व्हय."

बराच वेळ ती चाकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "किडकं वांगं मी बी पाटीच्या तळाला घालते रं. पर त्यानं कुणाचं हाड मोडत न्हाय. हे चार माणसांत सांग, मला एकटीला नगो." पारावर सांगितलं. त्या दिवशी आमच्या कामाला मोल आलं.

खिंडीच्या उतारावर धाकटा आणि मी रिकामी गाडी घेऊन गेलो. दुसरा टाकला, ॲक्सिलेटर सोडला. इंजिननं गाडी धरली, दांडा जागचा हलला नाही. धाकट्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता दहाच्यावर माणूस घ्यायचा न्हाय." तेही पाव टनाला जास्तच, पण सोळाची दहा झाली. काकू चार महिन्यांनी पुन्हा आमच्या गाडीत बसली, आत, पुढच्या बाजूला. भाडं तिनं मोजून दिलं.

त्यानंतर आमच्या अंगणात आजूबाजूच्या गावच्या जीपा यायला लागल्या. तात्या होते तोवर तात्या, नंतर धाकटा. पैसे देऊन घेतलेली जीप आमची वाटायला पाच वर्षं आणि एक गिअरबॉक्स लागला.

आता मुलगा पुण्याहून येतो त्या गाडीला क्लचच नाही. ऑटोमॅटिक. तीही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९४० सालच्या ओल्डस्मोबिलला हायड्रामॅटिक नावाचा बॉक्स मिळत होता, आणि पुढं लढाईत तोच रणगाड्यांत बसवला. म्हणजे ही आणि आमची जीप एकाच काळातली. वॉर्नर गिअर ज्या बोर्ग-वॉर्नर कंपनीची, तिनंही १९५० च्या सुमाराला मोटारींचे ऑटोमॅटिक बॉक्स बनवायला घेतले. त्यात तेलाच्या दाबानं आतले क्लच आणि पट्टे आपोआप धरतात-सोडतात, आपण हात लावायचा नसतो. मी मुलाला विचारलं, बिघडलं तर? म्हणाला, कंपनीत न्यायची, तिथंही आतलं उघडत नाहीत, अख्खा डबाच बदलायला सांगतात. बरं आहे, मला त्याची तक्रार नाही. मी एवढंच सांगितलं, बाबा, तेल कधी बदललं तर त्याचा रंग बघ. आणि आतनं आवाज यायला लागला तर टेप मोठा करू नको.