मातेरात्सी, मार्को
मातेरात्सी, मार्को : (१९ ऑगस्ट १९७३– ). इटालियन व्यावसायिक फुटबॉलपटू, मध्य बचावपटू. जन्म दक्षिण इटलीतील लेचे येथे. वडील ज्युसेप्पे हेही खेळाडू व प्रशिक्षक होते. पेरूजा संघातून मार्को पुढे आला. मध्यंतरी १९९८-९९ चा हंगाम इंग्लंडच्या एव्हर्टनमध्ये गेला. २०००-०१ मध्ये पेरूजाकडून त्याने १२ लीग गोल केले. बचावपटूच्या दृष्टीने हा आकडा विलक्षणच होय. २००१ ते २०११ तो इंटर मिलानमध्ये होता.

२००६ च्या विश्वचषकात इटलीचा बचावपटू नेस्ता जखमी झाल्याने मातेरात्सीला संधी मिळाली. बर्लिनमधील अंतिम सामन्यात त्याच्या चुकीमुळे फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि झिदानने ती साधली. पण १९व्या मिनिटाला मातेरात्सीनेच हेडरने बरोबरी केली. झिदानने त्याच्या छातीवर डोके मारून लाल कार्ड ओढवून घेतले, हा प्रसंग जगभर गाजला. त्यापुढे मातेरात्सीचा उत्तम खेळ झाकोळला जातो, हे अन्यायाचे आहे.

२०१४ मध्ये तो भारतातील इंडियन सुपर लीगमधील चेन्नईयिन एफसी या संघाचा खेळाडू-प्रशिक्षक झाला. २०१५ मध्ये चेन्नईतील पुरामुळे संघाचा घरचा उपांत्य सामना पुण्यात बालेवाडीला झाला आणि कोलकात्याविरुद्ध तो संघाने ३–० असा जिंकला. २० डिसेंबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावरील अंतिम लढतीत एफसी गोवा अखेरच्या मिनिटांपर्यंत २–१ ने पुढे होता. मात्र गोव्याचा एक स्वयंगोल आणि भरपाईच्या वेळेतील चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल यांमुळे संघाने ३–२ असे विजेतेपद पटकावले. २०१७ मध्ये मातेरात्सीने हा संघ सोडला.