आशियाई बॅडमिंटन महासंघ : खेळाच्या सत्तेचे स्थलांतर

बॅडमिंटनचे नाव इंग्लंडमधील एका वाड्यावरून पडले असले, तरी 1870 च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकारी हाच खेळ ‘पूना’ या नावाने खेळत होते. 16 पिसे बुचाच्या गोलकात रोवून केलेले, साडेपाच ग्रॅमपर्यंत वजनाचे शटलकॉक, म्हणजेच बोलीभाषेतले ‘फूल’, वाऱ्याने सहज भरकटते. त्यामुळे या खेळाला बंदिस्त प्रांगण मानवले.

1934 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभार इंग्लंडमधून चाले. मात्र थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, 1949, 1952 आणि 1955 मध्ये मलायाने व 1958 मध्ये इंडोनेशियाने जिंकला. सांगलीच्या नंदू नाटेकरांनीही 1956 मध्ये क्वालालंपूर येथे विजेतेपद मिळवले होते. मैदानावरील हे वर्चस्व कारभारातही उमटावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. 1959 मध्ये आशियाई महासंघ, म्हणजे राष्ट्रीय संघटनांची खंडीय संस्था, स्थापन झाला आणि 1962 पासून आशियाई अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. 1965 मध्ये लखनौ येथे दिनेश खन्ना यांनी तिचे एकेरीचे विजेतेपद पटकावले.

पुढे चीनचे सदस्यत्व आणि ‘एक राष्ट्र, एक मत’ या प्रश्नांवरून 1978 मध्ये समांतर जागतिक संघटना उभी राहिली, तिचे विलीनीकरण 1981 मध्ये झाले आणि 2005 मध्ये जागतिक मुख्यालयच इंग्लंडमधून क्वालालंपूरला आले.