गिरणी ते यंत्रमाग: कापड तेच, मग काम का बदललं?

नवं तंत्रज्ञान आलं की पहिला प्रश्न असतो, ‘नोकऱ्या जाणार का?’ पण महाराष्ट्रातल्या कापड उद्योगाचा इतिहास आणखी एक प्रश्न विचारतो: नोकरी राहिली, तरी ती तशीच राहते का?

वाफेने कामगार एकत्र कसे आले?

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणी काढली. त्या काळात वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर दांडे आणि पट्टे फिरायचे आणि त्यावर गिरणीतली यंत्रं चालायची. त्यामुळे यंत्रं एका छताखाली आणि कामगारही तिथेच. भोंगा वाजला की शेकडो माणसं एकाच दारातून आत जायची. रोज एकत्र येणाऱ्यांच्या संघटना झाल्या. लढे झाले. महागाई भत्ता, पीएफ, भरपगारी रजा मिळाली.

विजेने काय बदललं?

विजेची छोटी मोटर थेट मागाला जोडता येते. मग इंजिनही नको आणि मोठी गिरणीही नको. चार-सहा माग एखाद्या शेडमध्ये चालू शकतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत असे यंत्रमाग वाढले.

मग हे सगळं मोटरमुळे झालं का?

नाही. मोटरने फक्त शक्यता निर्माण केली. १९५०च्या दशकात सरकारने गिरण्यांच्या माग वाढवण्यावर निर्बंध घातले आणि छोट्या यंत्रमागांना करात सवलती मिळाल्या. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी मूळ मर्यादा १० कामगारांची होती. शेड छोटी ठेवली की कायदा लागूच होत नसे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कापडाचं बरंच काम यंत्रमागांकडे वळलं.

कामगाराच्या वाट्याला काय आलं?

अनेक शेडमध्ये १२ तासांची पाळी आणि विणलेल्या कापडाच्या हिशोबाने मजुरी. वीज गेली की माग बंद आणि कमाईही बंद. इचलकरंजीतले ‘खर्चीवाले’ यंत्रमागधारक तर स्वतःच व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. म्हणजे मागाचा मालकही बाजाराच्या मंदीपासून सुटत नाही.

थोडक्यात काय?

कामाचे तुकडे करता येतील की नाही, हे यंत्र ठरवतं. ते करायचे का आणि मंदीचा फटका कोणी सोसायचा, हे कायदा, कर आणि कामगारांची ताकद ठरवते. पुढचं नवं ॲप किंवा एआय टूल तुमच्या ऑफिसात आलं, की हा दुसरा प्रश्नही विचारून बघा.