दीडकीचा पाढा आणि कंपायलर



जुन्या मराठी शाळेंत मुलांकडून पावकी, निमकी, दीडकी, औटकी घोकून घेत. गुणाकाराची सर्वसाधारण रीत ठाऊक असतां दीडपटीस निराळा पाढा कां? तर व्यवहारांत दीडाचा हिशेब वारंवार पडे, आणि दर वेळीं रीत मांडण्यास सवड नसे. संगणकाच्या इतिहासांतही असाच प्रश्न उभा राहिला.

१९८७ सालीं अमेरिकेंत पोर्टलंड येथील परिषदेच्या वेळीं हॅस्केल भाषेचा संकल्प झाला. फलनाला फलन जोडून सारा प्रोग्राम रचावयाचा, अशी ही भाषा. वॅडलर आणि ब्लॉट यांनीं १९८९ मध्यें मांडलेल्या योजनेमुळें तींत एकच फलन पूर्णांकांस चालूं लागलें, अपूर्णांकांसही. सोय मोठी, पण किंमतही तशीच. प्रत्येक हांकेबरोबर 'या प्रकारची बेरीज अशी करावी' हें सांगणारी एक यादी फलनाच्या हातीं द्यावी लागे, आणि यंत्र ती चाळीत बसे.

ग्लासगो विद्यापीठांत त्याच वर्षीं एका कंपायलरचें, म्हणजे मनुष्याचा प्रोग्राम यंत्राच्या बोलींत उतरविणाऱ्या भाषांतरकाराचें, काम सुरू झालें. त्यानें दोन उपाय योजिले. स्पेशलायझेशन म्हणजे पूर्णांकांपुरती फलनाची खास प्रत काढणें. आपली दीडकीच ती. इनलायनिंग म्हणजे फलनास हांक न मारतां त्याचा मजकूरच त्या जागीं उतरवून घेणें.

वरवर पाहतां दोहोंचें काम एकच वाटतें. पण जें फलन पुनःपुन्हा स्वतःसच हांक मारतें, त्याचा मजकूर जागीं उतरवूं लागल्यास अंत लागत नाहीं. तेथें खास प्रतच हवी. उलटपक्षीं, लहानशा फलनाच्या आड दडलेला संख्येचा प्रकार तें फलन उतरल्यावांचून उघडा पडत नाहीं. मग प्रत कोणती वापरावी हें कसें ठरावें? खरी मौज पुढेंच आहे. 'या नांवाऐवजीं ही प्रत घ्या' असा नियम कंपायलर लिहून ठेवतो. मजकूर घाईनें उतरला, तर नांवच पुसलें जातें. नियम लावावा कोणास? गुणाकार अंकवार मांडून बसलेल्या मुलाला दीडकी आठवून उपयोग काय!

सायमन पेटन जोन्स व सायमन मार्लो यांनीं १९९९ मध्यें इनलायनिंगचीं हीं गुपितें एका निबंधांत उघड केलीं. कंपायलर टप्प्याटप्प्यानें काम करतो, आणि कोणतें फलन कोणत्या टप्प्यापूर्वीं उतरूं नये हें प्रोग्राम लिहिणाऱ्यास सांगतां येतें. २०१० मध्यें आणखी एक खूण आली. फलनाचा मूळ मजकूर, कंपायलरचा हात लागण्यापूर्वींचा, जपून ठेवावा, म्हणजे प्रोग्रामाच्या दुसऱ्या भागासही आपली प्रत काढतां येईल, असा तिचा अर्थ. मूळच कां? तर सुधारलेल्या मजकुरांत आंतील नांवें विरघळून गेलेलीं असतात. मात्र प्रत्येक प्रतीनें प्रोग्राम फुगतो, भाषांतरासही वेळ अधिक लागतो. म्हणून ती खूण सरसकट न लावतां, वारंवार हांक पडणाऱ्या फलनांसच लावलेली बरी.