टक्के कशाचे?

मूल किती वेळ अभ्यासात असते, याचे उत्तर वर्तनाचे अभ्यासक अनेकदा टक्क्यांत देतात. पण हे टक्के बहुधा वेळेचे नसतात. कागदावर आखलेल्या चौकटींचे असतात. ही पद्धत कशी घडली हे पाहिले की हा फरक किती मोलाचा आहे, ते कळते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विलार्ड ऑल्सन आणि फ्लॉरेन्स गुडइनफ मुलांच्या वर्तनाची मोजणी करत होते. एकाच मुलावर दिवसभर नजर ठेवणे निरीक्षकाला अशक्य होते. म्हणून त्यांनी छोटे, ठरावीक कालखंड निवडले आणि प्रत्येक खंडात ते वर्तन दिसले की नाही, एवढेच टिपले. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसाच हा मार्ग होता.

१९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ हे नियतकालिक सुरू झाले. पहिल्याच अंकात हॉल, लंड आणि जॅक्सन यांनी कॅन्सस सिटीतील वर्गांचा, अशाच मोजणीवर आधारलेला अभ्यास मांडला. त्यातला तिसरीतला रॉबी रबरबँड ताणत बसे, खिशातली खेळणी काढी, दूध रेंगाळत पिई. निरीक्षक दर दहा सेकंदांच्या चौकटीत अभ्यासाला ‘एस’, नसल्यास ‘एन’ लिही. अर्ध्या तासाच्या अशा १८० चौकटी होतात. त्यांतल्या ४५ अभ्यासाच्या भरल्या, तर प्रमाण २५ टक्के. रॉबीची सुरुवातीची सरासरी तेवढीच होती. तो अभ्यास करताना बाईंनी त्याच्याकडे लक्ष द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती ७१ टक्क्यांवर गेली.

यावर कोणी म्हणेल, सरळ घटनाच का मोजू नयेत? वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा भर तर वर्तनाच्या दरावरच होता. पण त्यांच्या प्रयोगांतल्या उंदराचे कळ दाबणे सुटेसुटे मोजता येते. अभ्यास कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे कसे ठरवणार? तिथे चौकटच उपयोगी पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूल प्रत्येक दहा सेकंदांत एकच सेकंद रडले आणि ‘जरा जरी रडले तरी खूण’ असा नियम असला, तर रडणे शंभर टक्के भरते. ‘पूर्ण चौकटभर रडले तरच खूण’ म्हटले, तर शून्य. प्रत्यक्ष वेळ मात्र दहाच टक्के. पॉवेल, मार्टिनडेल आणि कल्प यांनी १९७५ मध्ये अशा पद्धतींची तुलना करून हा दोष दाखवून दिला. त्यामुळे पद्धत टाकाऊ ठरत नाही. पण चौकट किती सेकंदांची आणि खुणेचा नियम कोणता, हे सोबत न सांगितलेली टक्केवारी अपुरी असते. मुलाविषयीचा निर्णय अशा टक्केवारीवर घेऊ नये.