उंबरठ्याआडची मजुरी

यंत्रयुगाचा इतिहास वाचूं लागलों कीं डोळ्यांपुढें गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहतात. तथापि त्या युगाचें पुष्कळसें काम गिरणींत झालेंच नाहीं. तें गरिबांच्या बिऱ्हाडांत, चुलीशेजारीं झालें. इंग्लंडांत १८४७ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रियांचा व अल्पवयीनांचा दिवस दहा तासांचा ठरविला; परंतु घरीं बसून शिवणाऱ्या बाईच्या दारापर्यंत तो कायदा पोंचला नाहीं. घर ही खाजगी जागा. तेथें सरकारी तपासनीस शिरणार कसा?

या खाजगीपणाचा लाभ व्यापाऱ्यांनीं पुरेपूर घेतला. लंडनमध्यें घरीं आगपेट्या चिकटविणाऱ्या बायकांना एका ग्रोसास, म्हणजे १४४ पेट्यांस, सुमारें सव्वादोन पेन्स मिळत. त्यांतूनच खळ व पेट्या वाळविण्याचें सरपण त्यांनीं आणावयाचें! जागेचें भाडें, दिवाबत्ती, विस्तव हा मालकाचा खर्च मजुरणीच्या माथीं बसला. शिवाय प्रत्येक जण आपल्या खोलींत एकटी. शेजारीण काय दर घेते हें ठाऊक नाहीं, म्हणून मध्यस्थ देईल तें मुकाट्यानें घ्यावयाचें.

१९०६ मध्यें 'डेली न्यूज' पत्रानें लंडनच्या क्वीन्स हॉलमध्यें एक प्रदर्शन भरविलें. तेथें या मजुरणी प्रेक्षकांसमोर बसून काम करीत होत्या. स्वस्त वस्तु कोणाच्या हातांनीं होते, हें खरेदी करणाऱ्यांनीं प्रथमच पाहिलें. पुढें १९०९ च्या कायद्यानें चार धंद्यांत किमान वेतन ठरविणारीं मंडळें नेमलीं.

परंतु कायदा झाला म्हणजे मजुरी हातीं पडली, असें नव्हे. क्रॅडली हीथ येथें बायका परसांतल्या भट्टीपुढें लोखंडी साखळ्या घडवीत. मंडळानें त्यांना तासाला अडीच पेन्स दर दिला, तेव्हां तो लांबणीवर टाकण्यासाठीं मालकांनीं त्यांच्याकडून करारपत्रांवर सह्या घेण्यास आरंभ केला. १९१० मध्यें मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखालीं त्या संपावर गेल्या आणि दहा आठवड्यांनीं जिंकल्या. वर्गणींतून उरलेल्या पैशांतून त्यांनीं कामगारांसाठीं एक सभागृह बांधविलें. तें १९१२ मध्यें उघडलें.

एकेकटीनें घासाघीस करून जें साधलें नव्हतें, तें एकत्र येतांच साधलें. त्यांना आधीं एकत्र जमावयास जागाच नव्हती. म्हणून त्यांनीं ती बांधली, यांत नवल तें काय?